आलता लावलेली रोपे

कुसुमडांगा, ११ ज्येष्ठ

श्रीमती चपला गायेन यांस,

सविनय निवेदन.

आपला निरोप हारान नावाड्याने पोहोचवला. घाटावर चार माणसे चहा पीत असताना, नावेतून उतरण्याआधीच, त्याने तो आपल्या शब्दांत आणि आपल्याच चालीवर म्हणून दाखवला: "मकरच्या मालकांना म्हणावं, मडकं पाठवा. जेठ लागला, बी कधी पेरायचं, दसऱ्याला?" लोक हसले. यापुढे काही कळवायचे झाल्यास लिहून कळवावे. आपल्याला उत्तम लिहिता येते. शाळेत आपण माझ्या पत्नीच्याच बाकावर बसत होता, हे मला लग्नानंतर पुष्कळदा ऐकावे लागले आहे.

मडके मी पाठवणार नाही.

आपले म्हणणे असे की, पौषातली संक्रांतीची बियाण्याची अदलाबदल राहून गेली, ती आता उरकून टाकावी. त्या संक्रांतीला तरुलता कलकत्त्याच्या इस्पितळात होती, म्हणून ती राहिली. आता तीच नाही. देणारी एक आणि घेणारी एक, असा तो तुम्हा दोघींचा व्यवहार होता. मी त्यात कधी नव्हतो, आणि एकीच्या मागे तिच्या जागी मला उभे करण्याचे काही कारण दिसत नाही.

मडक्यात माझ्या पत्नीचे भात आहे. मेघनोना. खाऱ्या पाण्यात तग धरणारे हे बी तिच्या वडिलांनी सांभाळले आणि लग्नात तिने ते पदराच्या गाठीत बांधून या घरात आणले. तिच्या इतर सर्व गोष्टींत आपला वाटा होता. गंगासागरच्या मकरसंक्रांतीच्या जत्रेत लहानपणी दोघींनी एकत्र बुडी मारून सईचे नाते जोडले आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना 'मकर' म्हणू लागल्या. म्हणजे माझ्या पत्नीचे एक नाव असे होते, जे मला उच्चारण्याचा अधिकार नव्हता. घाटावरून "मकर गोऽ" अशी हाक आली की ती हातातले काम टाकून उठत असे. मी वाचनाच्या खोलीची खिडकी लावून घेत असे. आवाजाने वाचनात व्यत्यय येतो. तिचे दुखणेसुद्धा तिने मला सांगण्यापूर्वी आपल्याला सांगितले. तेव्हा निदान एक मडके माझ्याकडे राहू द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

फाल्गुनात तरूला नेले त्या दिवसाविषयी आपण काही बोलला नाहीत, याबद्दल आभार. तरीही लिहितो, कारण गैरसमज राहू नये. कुंकू घेऊन गेलेल्या बाईच्या पायांना तांबडा आलता लावायचा, तो सवाष्णींनी. आपण विधवा आहात. मी एवढेच म्हणालो, आणि तेही हलक्या आवाजात. आपण वाटी ओसरीवर ठेवलीत आणि नावेत जाऊन बसलात. असल्या रूढींवर माझा विश्वास किती आहे, हे माझे विद्यार्थी जाणतात. तथापि त्या दिवशी मी बोललो ते रीतीला धरून होते. पुढे आलता माझ्या धाकट्या भावजयीने लावला. घाई होती, एकाच पायाचा नीट लागला.

कळावे.

आपला,
अवनीभूषण माइती


कुसुमडांगा, २ आषाढ

श्रीमती गायेन यांस,

सविनय निवेदन.

आपले एका ओळीचे पत्र मिळाले. "जामाईबाबू, मडकं उघडून नीट बघितलंत का?"

बघितले. बी निरोगी आहे, कीड नाही, दाणा दाताखाली कट्कन् तुटतो. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला बी तपासायला सांगणे हा आपला विनोद असावा. 'जामाईबाबू' या संबोधनाविषयीही एकदा स्पष्ट करावे म्हणतो. बहिणीच्या नवऱ्याला असे म्हणतात. आपण तरूच्या बहीण नव्हता.

बी मी घरामागच्या तळ्याकाठी पेरले आहे. तळ्याचे पाणी पावसाचे, गोड. वाफ्यावर शेणखत आणि राख घातली, बदके शिरू नयेत म्हणून जाळे लावले. अंकुर आले आहेत. रोपे बोटभर झाली की बुडख्याशी तो तांबडा-जांभळा रंग दिसू लागेल, ज्याला तरू म्हणत असे, "आमच्या बाबांच्या भातानं पायाला आलता लावलाय बघा." त्या दिवशी मी हारानला बोलावून रोपे दाखवीन, म्हणजे त्याच्याबरोबर बातमी आपल्या हेतालखाली गावापर्यंत पोहोचेल.

या भातावर मी काम केले आहे, हे आपण विसरला असाल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मी त्याची पाने कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन कुटत असे. मिठाच्या पाण्यातले रोप आपल्या पेशींत एक द्रव्य साठवते. प्रोलीन त्याचे नाव. कुटलेल्या पानाचा अर्क औषधाबरोबर उकळला की रंग येतो. रोपाने जितके सोसलेले असते, तितका लाल. अशीच लाल झालेली परीक्षानळी एकदा मी घरी आणून तरूला दाखवली होती.

ती म्हणाली, "एवढंसं पान कुटून तुम्हाला त्याचं दुःख कळतं?"

"दुःख नव्हे. प्रोलीन."

"तेच ते, तुमच्या भाषेत. पण ते मिठाला हाकलून का देत नाही?"

मी समजावून सांगितले की, बाहेरचे खारे पाणी मुळांतून पाणी ओढून नेऊ पाहते. रोप भांडत बसत नाही. ते आपल्या आत असे काही साठवते की पाणी आतच राहावे. आणि साठवते तेही असे निवडून, की पेशीच्या रोजच्या कामात त्याची लुडबुड होऊ नये. सोबत राहते, पण मध्ये येत नाही. आम्ही त्यांना सहचर द्रव्ये म्हणतो.

"आणि हे सगळं करताना दाणा कमी भरत असेल?"

"भरतो. त्याचा खर्च आहेच."

"मग संसारच की हा," ती म्हणाली, आणि हसत सुटली.

हे बोलणे आमच्या स्वयंपाकघरात झाले होते. पुढच्याच हाटात आपण झिंग्यांची टोपली डोक्यावर घेऊन, भर बाजारात, मला विचारलेत: "काय जामाईबाबू, आमच्या मकरमध्ये किती प्रोलीन निघालं?" मासेवाले हसले. तीही हसली. माझ्या शेजारी उभी राहून ती आपल्याकडे बघून हसली, हे मी आजवर विसरलेलो नाही.

आपला,
अवनीभूषण माइती


कुसुमडांगा, १९ आषाढ

श्रीमती गायेन यांस,

आपले पत्र आलेले नाही. तरी लिहीत आहे. हारान रोपे पाहून गेला आणि तिकडे जाऊन काय सांगेल याचा भरवसा नाही.

रोपे वीतभर झाली, हिरवीगार आहेत. पण बुडखे पांढरट हिरवे आहेत. आलता नाही. मी भिंग घेऊन वाफ्याच्या कडेला बसलो, रोपे उपटून धुऊन पाहिली. एकाही पायाला रंग नाही.

कारण उघड आहे. तो रंग हेदेखील वनस्पतीचे एक संरक्षक द्रव्यच. ऊन, थंडी, मीठ, तहान यांचा जाच झाला की पुष्कळ झाडे असे रंग गडद करतात, जसा माणूस छत्री उघडतो. माझ्या रोपांना मी गोड पाणी, शेणखत आणि सावली दिली. त्यांना कशाचाच त्रास नाही. मग ती आलता लावतील कशाला? दोष माझ्या लाडांचा आहे, बियाण्याचा नाही.

म्हणून काल भरतीच्या वेळी नदीचे पाणी घागरींनी आणून वाफ्यात सोडले. प्रथम थोडे, तळ्याच्या पाण्यात मिसळून. उद्यापासून वाढवीन. हारान नाव बांधून धावत आला.

"बाबू, अहो बाबू! रोपांना नदीचं पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"शास्त्रीय कारण आहे, हारान."

"असेल हो. पण लोक बांध बांधबांधून मेले ते हे पाणी बाहेर ठेवायला, आणि तुम्ही घागरीनं आत आणताय. काकीमा असत्या तर घागर हिसकून घेतली असती."

"काकीमा असत्या तर ही वेळ आली नसती."

त्यावर त्याने माझ्याबरोबर दोन घागरी वाहून आणल्या. वाहताना पुटपुटत होता, "पलीकडच्या दिदीला सांगतो, हसून हसून पडेल." आपण पडला असाल तर तसे कळवावे. हेही सांगावे की, तरूबरोबर आपण रोपे वाढवीत होता, तेव्हा आलता कितव्या पानाला येत असे? हा प्रश्न मी शास्त्रीय माहिती म्हणून विचारीत आहे.

आपला,
अवनीभूषण माइती


कुसुमडांगा, ५ श्रावण

श्रीमती चपला गायेन यांस,

आपण उत्तर दिले नाही. हसला असाल.

खारे पाणी वाढवत नेले तसे पानांचे शेंडे करपले, जणू कुणी अगरबत्तीने डागले. मग काही दिवस रोपे जागच्या जागी थिजली. मी रोज पहाटे जाऊन बसत होतो. गेल्या आठवड्यात नवी पाने फुटली. अरुंद, जाड, निबर. कॉलेजात जाऊन जुन्या सहकाऱ्याला विनंती केली आणि पाने कुटली. त्याने विचारलेही, "अवनीदा, निवृत्तीनंतर हे काय?" रंग असा लाल आला, जसा माझ्या तरुणपणीच्या कोणत्याही प्रयोगात आला नव्हता. म्हणजे ही रोपे सोसण्याच्या विद्येत कमी नाहीत. आत सगळे साठले आहे. फक्त पायाला आलता नाही.

आता लिहायचे ते सरळ लिहितो. तरूच्या वडिलांच्या भाताला आलता असतो. माझ्या मडक्यातल्या भाताला नाही. तेव्हा माझ्या मडक्यात तरूच्या वडिलांचे भात नाही. पौषापासून हे घर मी सोडले ते फक्त तिच्या इस्पितळाच्या दिवसांत. त्या काळात घराची किल्ली आपल्याकडे होती. ती तिनेच आपल्याला दिली होती. मला न विचारता.

आपण मडके बदललेत का?

ज्या बाईला तिचे नाव मिळाले, तिचे हसणे मिळाले, तिचे दुखणे सर्वांआधी कळले, तिला हे एवढेही माझ्याकडे ठेववले नाही का? फाल्गुनात मी वाटी खाली ठेवायला लावली, त्याची परतफेड म्हणून हे आजवर लपवले असेल, तर तसे सांगावे. निदान व्यवहार पुरा झाला असे मी समजेन.

अ. भू. माइती


कुसुमडांगा, १३ श्रावण

श्रीमती गायेन यांस,

आपले पत्र मिळाले. मी ते अनेकदा वाचले. काही चुकीचे समजलो नाही ना, याची खातरजमा व्हावी म्हणून आपलीच वाक्ये येथे उतरवतो.

"जामाईबाबू, चोर म्हणालात, बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मनापासून बोललात माझ्याशी. आता ऐका. एकाच मातीत बी फार वर्षं राहिलं की सुखावतं, असं आम्हा दोघींच्या घरचे म्हणायचे. म्हणून दर संक्रांतीला आम्ही मडकी बदलायचो. अर्धं नाही, सगळं. म्हणजे एक साल तुमच्या रानात तिचं बी आणि माझ्या रानात माझं. दुसऱ्या साली तुमच्या रानात माझं आणि माझ्या रानात तिचं. गेल्या साली तुमच्याकडे माझं होतं. यंदा संक्रांतीला तिचं तिच्या घरी परत यायचं होतं, माझं माझ्याकडे. ती इस्पितळात पडली, अदलाबदल राहिली. म्हणून तिचं भात माझ्याच मडक्यात राहिलं आणि माझं तुमच्या. मी 'मडकं पाठवा' म्हणाले, ते तिचं तुम्हाला देता यावं म्हणून. तुम्ही माझ्याच सासऱ्यांचं भात उराशी धरून बसलात, त्याला नदीचं पाणी पाजलंत आणि त्याच्या पायाला माझ्या मकरचा आलता शोधलात. हसले का विचारता? नाही हसले. पण एक विचारते. एक साल आड तुमच्या रानाला आलता नसायचा. एवढ्या वर्षांत एकदाही दिसलं नाही का तुम्हाला?"

उत्तर देतो. तरू ज्या वर्षी "चला, आलता बघायला," म्हणून हाताला धरून नेत असे, त्याच वर्षी मी रानात जात असे. ज्या वर्षी बोलावत नसे, त्या वर्षी तिकडे काय उगवते याची मला कल्पना नव्हती. आता कळते की, ती मला तिचे भात दाखवत होती, आणि आपले भात दाखवत नव्हती. यावरून तिलाही माझा स्वभाव ठाऊक होता, असे दिसते.

आरोप मी मागे घेतो. मडके बदलले गेले नव्हते, हीच अडचण होती, हे मान्य.

तथापि वस्तुस्थिती अशी की माझ्या पत्नीचे भात या क्षणी आपल्या वाफ्यात उभे आहे आणि मी ते पाहिलेलेही नाही. आपण लिहिता की बुडखे "नव्या नवरीसारखे" रंगले आहेत. हे कळवण्याची आवश्यकता नव्हती.

अदलाबदलीला माझी संमती आहे. लावणीजोगी रोपे झालीच आहेत. आधी आपण तिची रोपे पाठवावीत. ती माझ्या रानात लागली की मी आपली पाठवीन. पौर्णिमेची मोठी भरती उलटून गेल्यावर नाव पाठवणे सोयीचे होईल. तोपर्यंत थांबण्यास माझी हरकत नाही.

आपला,
अवनीभूषण माइती


कुसुमडांगा, २८ श्रावण

श्रीमती चपला गायेन यांस,

हारानने सांगितले. पौर्णिमेच्या भरतीला, दक्षिणेचा वारा लागला असताना, हेतालखालीचा बांध जुन्या घाटाजवळ फुटला. पाणी आपल्या अंगणापर्यंत आले आणि वाफे बुडाले. आपण, आपली सून आणि गाय शाळेच्या गच्चीवर आहात, हेही त्याने सांगितले. आमच्या बाजूचा बांध राहिला. त्यात माझे काही कर्तृत्व नाही.

"रोपं कशी आहेत?" मी त्याला विचारले.

"कसली रोपं, बाबू? तिथं आता कोळंबी पोहतेय."

मी थांबायला सांगितले नसते तर तिची रोपे पौर्णिमेपूर्वीच या बाजूला आली असती. हे आपणही मोजले असेल. लिहू नये.

या पत्राबरोबर नावेत सर्व रोपे आहेत. मी, हारान आणि त्याच्या बायकोने आज सकाळपासून उपटून जुड्या बांधल्या. मुळांना चिखल लावून वर ओल्या पोत्यांनी झाकल्या आहेत. एकही मागे ठेवलेली नाही. ती आपलीच आहेत, तेव्हा यात देणे नाही. ही पोच समजावी.

काही सूचना, शास्त्राला धरून. पाणी ओसरल्यावर लगेच लावू नये. चांगला जोराचा पाऊस एक-दोनदा पडून जाऊ द्यावा, आणि प्रत्येक वेळी रानातले पाणी ओहोटीला सोडून द्यावे, म्हणजे वरचे मीठ धुऊन जाईल. रोपे जून झाली आहेत, म्हणून एका ठिकाणी जास्त लावावीत. तळे खारे झाले असेल, तर जुड्या आमच्याकडून पाठवलेल्या पिंपांतल्या पाण्यात उभ्या कराव्यात. माती अजून खारट असेल. दुसऱ्या कोणाची गोड पाण्यातली रोपे आणून लावली, तर आठवड्यात जळतील. ही जळणार नाहीत. यांनी महिनाभर नदीचे पाणी प्यायले आहे. यांच्या पेशींत काय साठले आहे, ते मी स्वतः कुटून, उकळून पाहिले आहे.

मात्र माझ्याविषयी गैरसमज करून घेऊ नये. मी त्यांना मीठ पाजले ते आपल्या रानासाठी नव्हे. आलता निघावा म्हणून पाजले. तो आपल्या रोपांतून निघाला नाही.

हारानची बायको जुड्या बांधताना म्हणत होती, "दिदीचं नशीब. एवढी पोलादी रोपं साऱ्या बेटावर कुणाकडे नसतील." मला ते ऐकून बरे वाटले नाही. आपले रान यंदा उभे राहील आणि माझे मोकळे.

हेतालखालीचे लोक कामासाठी दक्षिणेत जाऊ लागले आहेत, असे ऐकतो. आपण जाऊ नये. रोपे लावून जाता येत नाही.

आपला,
अवनीभूषण माइती


कुसुमडांगा, १२ भाद्र

श्रीमती चपलादेवी यांस,

आपले पत्र परवा मिळाले. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, त्याचे कारण प्रकृती नव्हे.

आपण लिहिता की, रोपे लागली, शेंडे काही दिवस पिवळे होते, आता सरळ उभी आहेत, आणि शेजारी येऊन विचारतात की हे बी कुठले. आपण त्यांना सांगता, "जामाईबाबूंनी छळून वाढवलंय." ही व्याख्या शास्त्रीय नाही, पण चूकही म्हणता येत नाही.

आणि आपण लिहिता की, गोठ्यामागे उकिरड्याच्या उंचवट्यावर तिच्या भाताचा एक लहानसा तुकडा होता; पेरून उरलेले बी तिथे सांडले होते. त्याच्या मुळांपर्यंत पाणी आले, वर गेले नाही. मूठभर, फार तर दोन मुठी. "बुडखे बघाल तर बघतच राहाल. खाऱ्या पाण्यानं असा रंग चढलाय की तिनं स्वतः बसून लावल्यासारखा. हारानबरोबर पाठवते."

हारानबरोबर पाठवू नये.

हारान चांगला माणूस आहे, पण त्याच्या नावेत कोंबड्या, रॉकेल आणि गप्पा असतात. ती रोपे आपण स्वतः आणावीत. आपण आणल्याखेरीज मी ती घेणार नाही, असे समजावे. याला अट म्हणा, हट्ट म्हणा.

रान मी चिखलणी करून तयार ठेवले आहे. एवढ्या रोपांना सगळे रान लागणार नाही. ओसरीवरून दिसणारा कोपरा पुरेल. यंदा खायला दाणा होणार नाही. बी होईल, आणि पौषात मडक्याचा तळ झाकला तरी पुष्कळ.

पहिली मूठ आपण लावावी. त्या दिवसाची आलत्याची वाटी ओसरीच्या कोनाड्यात आहे, आपण ठेवली होती तिथून उचलून मी तिथे ठेवली. आलता सुकला आहे. पाणी घातले की सुटतो, हे मी पाहिले आहे. रीतीचा प्रश्न आता येत नाही. रोपांच्या पायांना कोणी हात लावावा, याविषयी कुठेही काही लिहिलेले नाही. बाकीची रोपे मी लावीन. बांधावर उभे राहून मला शिकवू नये. आपल्याला तसे करण्याची सवय आहे आणि तरू नेहमी आपलीच बाजू घेत असे.

भर बाजारात आपण मला एक प्रश्न विचारला होता, की आपल्या मकरमध्ये किती प्रोलीन निघाले. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते पानावरून दिसत नाही. पान हिरवेच दिसते. आपल्याला ते ठाऊक होते, असा माझा संशय आहे. दर हाटाला, दर संक्रांतीला ती आपल्याला थोडे थोडे सांगत असणार. ते मला सांगू नये. आपण येऊन ओसरीवर बसाल, मुरमुरे खाल, तिच्याविषयी बोलाल, आणि मला माहीत नसलेले काहीतरी निघेल. त्याचा मला त्रास होईल, हे मी आताच सांगून ठेवतो. तरीही यावे.

अमावास्येची भरती ओसरल्यावर, सकाळच्या नावेने. घाटाला नाव लागण्यापूर्वी आपण जी हाक मारीत होता, ती मारावी. ओ देणारे कोणी नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. वाचनाच्या खोलीची खिडकी त्या दिवशी मी लावणार नाही.

आपला,
जामाईबाबू